गिग कामगारांचे संरक्षण : कायदा काय देतो आणि काय देत नाही

मागविलेले जेवण, औषधे वा किराणा माल दाराशी आणून देणारा तरुण, मोबाइलवरून बोलाविलेल्या रिक्षाचा किंवा टॅक्सीचा चालक, घरी येऊन नळ दुरुस्त करणारा कारागीर, केशभूषा करणारी भगिनी – ह्या साऱ्यांना आज ‘गिग कामगार’ ह्या नावाने संबोधले जाते. आपल्या धर्मग्रामांतील कित्येक कुटुंबांची चूल ह्या कामावर पेटते, आणि आपल्यापैकी बहुतेक जण ह्या कामगारांचे ग्राहकही आहेत. असे असूनही त्यांच्या हक्कांविषयी आपल्या समाजात फारच तोकडी माहिती आढळते. अपघात झाला तर दवाखान्याचा खर्च कोणी द्यावा? प्रॉव्हिडंट फंड मिळतो का? कंपनीने एकाएकी काम बंद केले तर दाद कोठे मागावी? वाचकांच्या माहितीसाठी ह्या प्रश्नांची उत्तरे आम्ही प्रस्तुत लेखात एकत्र केली आहेत.

१. ‘गिग’ म्हणजे काय?

हा शब्द मुळात वादकांचा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील जॅझ वादक एका रात्रीच्या कार्यक्रमाला ‘गिग’ म्हणत. कार्यक्रम झाला की मानधन घ्यायचे आणि दुसऱ्या कार्यक्रमाची वाट पाहायची, अशी ती रीत होती. मुंबईच्या हॉटेलांत आणि चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजविणाऱ्या गोव्याच्या वादकांनाही ती चांगलीच परिचित होती. लग्नसराईत बँड वाजविणाऱ्या आपल्या बांधवांना आजही तिचा अनुभव आहे. काम असेल त्या दिवशी पैसे, नसेल त्या दिवशी काही नाही.

आज मात्र ह्या शब्दाची व्याप्ती वाढली आहे. मोबाइलवरील ॲपच्या द्वारे ग्राहक आणि काम करणारा ह्यांची गाठ घालून देणाऱ्या कंपनीला कायद्याच्या भाषेत ‘ॲग्रिगेटर’ म्हणतात, आणि तिच्यामार्फत काम करणाऱ्यास ‘प्लॅटफॉर्म कामगार’ म्हणतात. नीती आयोगाने जून २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात २०२०-२१ साली देशात असे सुमारे ७७ लाख कामगार असल्याचा अंदाज दिला होता. २०२९-३० पर्यंत ही संख्या २ कोटी ३५ लाखांवर जाईल, असेही त्यात म्हटले आहे. म्हणजे हा प्रश्न मूठभर तरुणांच्या हौसेच्या नोकरीचा नसून एका मोठ्या श्रमिक वर्गाचा आहे.

२. कामाची आणि कमाईची रीत

ह्या कामगाराला ठरावीक पगार नसतो. प्रत्येक ऑर्डरमागे किंवा फेरीमागे दर ठरतो. त्यात अंतर, वेळ आणि मागणी ह्यांनुसार फरक पडतो. ठरावीक ऑर्डरी पूर्ण केल्यास ‘इन्सेंटिव्ह’ मिळतो, आणि तो पदरात पडावा म्हणून अनेक जण शरीराला न झेपणारे तास काम करतात. कोणाला कोणती ऑर्डर द्यावी हे संगणकीय प्रणाली ठरविते. ग्राहकाने कमी गुण दिले, ऑर्डर नाकारल्या वा तक्रार आली तर ‘आयडी ब्लॉक’ होतो. त्या क्षणी कामगाराचे उत्पन्न थांबते, आणि बऱ्याच वेळा कारण सांगणारा माणूसही समोर नसतो.

हाती पडणारी रक्कम आणि खरी कमाई ह्यांतील भेद लक्षात घेणे अगत्याचे आहे. एक हिशेब मांडू या. समजा, एखाद्या तरुणाला १२ तासांच्या कामाचे ९०० रुपये मिळाले. त्यातून पेट्रोलचे २२०, दुचाकीचा हप्ता व देखभाल ह्यांचे १५० आणि मोबाइल डेटाचे २० रुपये वजा केले, तर ५१० रुपये उरतात. म्हणजे तासाला सुमारे साडेबेचाळीस रुपये. ऑर्डरची वाट पाहत हॉटेलबाहेर उभा राहिलेला वेळही त्यात आलाच. त्या वेळेचे वेगळे पैसे मिळत नाहीत. वाहन त्याचे, इंधन त्याचे, जोखीम त्याची. दर मात्र दुसऱ्याने ठरविलेला, असा हा व्यवहार आहे.

ह्या कामाचे लाभ आम्ही नाकारीत नाही. शिक्षण अर्धवट राहिलेल्यास, नोकरी गेलेल्यास वा महाविद्यालयात शिकत असलेल्यास हे काम तत्काळ मिळते. चिठ्ठी-चपाटी वा ओळख लागत नाही. वेळ काही प्रमाणात आपल्या सोयीने निवडता येते. म्हणूनच हे काम बंद व्हावे अशी कोणाचीच मागणी नाही. काम राहावे आणि त्याला संरक्षणही मिळावे, एवढाच प्रश्न आहे.

३. जुने कामगार कायदे ह्यांना का लागू पडले नाहीत?

भारतातील कामगार कायद्यांची इमारत ‘मालक आणि नोकर’ ह्या नात्यावर उभी आहे. १९२३ चा नुकसानभरपाई कायदा, १९४८ चे किमान वेतन आणि राज्य विमा कायदे, १९५२ चा प्रॉव्हिडंट फंड कायदा ह्या साऱ्यांचा लाभ घेण्यासाठी आधी आपण कोणाचे तरी नोकर आहोत हे सिद्ध व्हावे लागे. ॲग्रिगेटर कंपन्यांनी आरंभापासूनच आपल्या कामगारांना ‘पार्टनर’ म्हणजे भागीदार म्हटले. भागीदार म्हटले की तो स्वतंत्र व्यावसायिक ठरतो. आणि स्वतंत्र व्यावसायिकाला किमान वेतन नाही, भरपगारी रजा नाही, प्रॉव्हिडंट फंड नाही.

केंद्र सरकारने २९ कामगार कायदे एकत्र करून चार संहिता तयार केल्या. वेतन संहिता २०१९ साली, आणि औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा व व्यावसायिक सुरक्षितता ह्यांविषयीच्या संहिता २०२० साली संमत झाल्या. ह्या चारही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या. परंतु वेतन संहितेतील किमान वेतनाची तरतूद ‘कर्मचाऱ्यां’साठी आहे. गिग कामगाराची व्याख्याच मुळी ‘पारंपरिक मालक-नोकर नात्याबाहेर राहून कमाविणारी व्यक्ती’ अशी केलेली आहे. परिणामी चारांपैकी सामाजिक सुरक्षा संहितेनेच त्याची नावानिशी दखल घेतली आहे.

४. महाराष्ट्राने ५० वर्षांपूर्वी काढलेला मार्ग

मालक निश्चित नसलेल्या कामगाराला संरक्षण देता येत नाही, असे पुष्कळदा सांगितले जाते. ह्याचे उत्तर आपल्याच राज्याने फार पूर्वी दिलेले आहे. मुंबईच्या बाजारपेठांत माथ्यावर ओझी वाहणारा माथाडी कामगार सकाळी एका व्यापाऱ्याचा माल उतरवी, दुपारी दुसऱ्याचा. कोणताही व्यापारी त्याला आपला नोकर मानीत नसे. कै. अण्णासाहेब पाटील ह्यांनी ह्या कामगारांना संघटित केले, आणि १९६९ साली महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा संमत झाला.

ह्या कायद्याची युक्ती साधी आहे. कामगार आणि मालक ह्या दोघांचीही नोंदणी एका मंडळाकडे होते. मंडळावर कामगार, मालक आणि शासन ह्या तिघांचे प्रतिनिधी असतात. मालकाने मजुरी आणि तिच्यावरील ठरावीक टक्के लेव्ही मंडळात भरावयाची. मंडळ त्यातून कामगाराला मजुरी देते आणि प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, रजा, वैद्यकीय मदत ह्यांची सोय करते. मालक रोज बदलला तरी हक्क बदलत नाहीत, कारण ते कामाशी जोडलेले असतात. बांधकाम मजुरांसाठी १९९६ साली केंद्राने बांधकाम खर्चावर १ टक्का उपकर बसविला, तो ह्याच धर्तीवर होय.

आजचा डिलिव्हरी कामगार आणि कालचा माथाडी ह्यांच्यात फारसे अंतर नाही. उलट आज मंडळाचे काम अधिक सुकर झाले आहे. माथाडीने किती पोती उचलली हे पूर्वी वहीत टिपावे लागे; आज प्रत्येक फेरीची नोंद कंपनीच्या संगणकात आपोआप होते.

५. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२०

ह्या संहितेतील मुख्य तरतुदी पुढीलप्रमाणे आहेत :

(अ) केंद्र सरकारला गिग व प्लॅटफॉर्म कामगारांसाठी योजना आखता येतात. जीवन व अपंगत्व विमा, अपघात विमा, आरोग्य व प्रसूती लाभ, वृद्धापकाळातील संरक्षण आणि पाळणाघर ह्यांचा त्यात उल्लेख आहे. राज्य विमा योजनेचे लाभ त्यांना देण्याची योजनाही आखता येते.

(आ) ह्या योजनांसाठी केंद्र, राज्ये आणि ॲग्रिगेटर ह्यांच्याकडून निधी घेता येतो. ॲग्रिगेटरने वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम द्यावयाची आहे. मात्र ती कामगारांना दिलेल्या वा देय असलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांहून अधिक असता कामा नये.

(इ) प्रवासी वाहतूक, अन्न व किराणा पोहोचविणे, मालवाहतूक, ऑनलाइन बाजारपेठ, व्यावसायिक सेवा, आरोग्यसेवा, प्रवास व आतिथ्य, माध्यमे अशा सेवांतील ॲग्रिगेटर संहितेच्या सातव्या परिशिष्टात मोडतात.

(ई) असंघटित, गिग व प्लॅटफॉर्म कामगारांसाठी राष्ट्रीय सामाजिक सुरक्षा मंडळाची तरतूद आहे. नोंदणीसाठी वयाची १६ वर्षे पूर्ण असावी लागतात व आधार क्रमांक लागतो.

ह्यातील ५ टक्क्यांच्या मर्यादेचा अर्थ उदाहरणाने स्पष्ट होईल. एखाद्या कंपनीची उलाढाल १०० कोटी रुपये असून तिने कामगारांना १० कोटी दिले, तर उलाढालीच्या १ टक्क्याप्रमाणे १ कोटी होतात. पण कामगारांना दिलेल्या रकमेचे ५ टक्के ५० लाखच होत असल्याने कंपनीचा वाटा ५० लाखांवर थांबतो. वर्षाला २ लाख ४० हजार रुपये मिळविणाऱ्या कामगारामागे हा वाटा फार तर १२ हजार रुपये, म्हणजे महिन्याला १ हजार रुपये एवढा होईल. पगारदार नोकरासाठी मात्र मालक प्रॉव्हिडंट फंडात सर्वसाधारणपणे वेतनाच्या १२ टक्के आणि राज्य विम्यात ३.२५ टक्के भरतो. संरक्षणाची दिशा योग्य आहे, परंतु प्रमाण अद्याप तोकडे आहे.

दुसरी मर्यादा भाषेची आहे. योजना आखण्याच्या कलमात सरकार योजना आखू ‘शकेल’ असे म्हटले आहे. आखलीच पाहिजे असे बंधन नाही. तिसरी मर्यादा सर्वांत महत्त्वाची. ही संहिता सामाजिक सुरक्षेची आहे. किमान दर, कामाचे तास, आयडी ब्लॉक करण्यापूर्वी सूचना, तक्रारीची सुनावणी हे विषय तिच्या कक्षेबाहेर राहिले आहेत. विमा मिळणे आणि न्याय्य मजुरी मिळणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी होत. पहिली मिळाली म्हणून दुसरीची मागणी सोडून देणे योग्य ठरणार नाही.

डिसेंबर २०२५ च्या अखेरीस केंद्राने ह्या संहितेखालील नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला. त्यात लाभास पात्र होण्यासाठी आर्थिक वर्षात एका ॲग्रिगेटरकडे किमान ९० दिवस, किंवा एकाहून अधिक ॲग्रिगेटरांकडे मिळून किमान १२० दिवस काम केलेले असावे, अशी अट सुचविण्यात आली. म्हणून प्रत्येक कामगाराने आपल्या कामाच्या दिवसांचा पुरावा जपून ठेवणे हिताचे आहे. ॲपवरील कमाईच्या पानाचे दरमहा छायाचित्र काढून ठेवले तरी पुरेसे उपयोगी पडते.

६. राज्यांचे प्रयत्न

राजस्थानने जुलै २०२३ मध्ये गिग कामगारांसाठी देशातील पहिला स्वतंत्र कायदा संमत केला. कामगारांची नोंदणी, कल्याण मंडळ आणि प्रत्येक व्यवहारावर कल्याण शुल्क ही त्याची त्रिसूत्री होती. मात्र काही महिन्यांतच राज्यात सत्ताबदल झाला आणि अंमलबजावणी रेंगाळली. कायदा संमत होणे आणि लाभ हाती पडणे ह्यांत किती अंतर असते, ह्याचा हा धडा आहे.

कर्नाटकाने मे २०२५ मध्ये अध्यादेश काढला आणि त्याच वर्षी त्याचे कायद्यात रूपांतर केले. प्रत्येक व्यवहारात कामगाराला दिल्या जाणाऱ्या रकमेच्या १ ते ५ टक्के इतके कल्याण शुल्क ॲग्रिगेटरने भरावयाचे आहे. शिवाय हा कायदा विम्याच्या पलीकडे जातो. कराराच्या अटी बदलण्यापूर्वी कामगाराला १४ दिवसांची सूचना द्यावी लागते. काम बंद करावयाचे तर लेखी कारण द्यावे लागते. संगणकीय प्रणाली कोणत्या निकषांवर निर्णय घेते ह्याची माहिती द्यावी लागते. तक्रार निवारणाची यंत्रणाही ठेवावी लागते. २०२५ मध्येच बिहार व झारखंड ह्यांच्या विधिमंडळांनीही अशा प्रकारची विधेयके संमत केली.

ॲपवरील टॅक्सी, रिक्षा व दुचाकी चालकांसाठी केंद्रीय परिवहन मंत्रालयाची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. जुलै २०२५ च्या सुधारित तत्त्वांनुसार स्वतःचे वाहन चालविणाऱ्या चालकाला भाड्याचा किमान ८० टक्के भाग मिळाला पाहिजे, आणि ॲग्रिगेटरने त्याचा किमान ५ लाखांचा आरोग्य विमा व किमान १० लाखांचा मुदत विमा उतरविला पाहिजे. ह्यांची अंमलबजावणी परवाना देणाऱ्या राज्य शासनाच्या हाती असते. आपल्या राज्यात तिचे नेमके स्वरूप काय आहे, हे चालकांनी परिवहन कार्यालयात जाऊन समजून घ्यावे.

७. अन्य देशांत काय घडले?

ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने १९ फेब्रुवारी २०२१ रोजी उबरच्या चालकांविषयी महत्त्वाचा निर्णय दिला. करारात काय लिहिले आहे एवढेच न पाहता प्रत्यक्षात नियंत्रण कोणाच्या हाती आहे ते पाहिले पाहिजे, असा त्या निर्णयाचा गाभा होता. त्यामुळे चालकांना किमान वेतन व भरपगारी रजेचा हक्क मिळाला. स्पेनने २०२१ साली जेवण पोहोचविणाऱ्यांना कंपनीचे कर्मचारी मानणारा कायदा केला. युरोपीय संघाने २०२४ मध्ये निदेश काढून सदस्य देशांना २ डिसेंबर २०२६ पर्यंत आपापले कायदे करण्यास सांगितले. माणसाच्या देखरेखीविना केवळ संगणकाने कामगाराला काढून टाकू नये, हा त्यातील एक नियम आहे.

सिंगापूरने मधला मार्ग स्वीकारला. तेथे १ जानेवारी २०२५ पासून प्लॅटफॉर्म कामगारांना नोकर आणि स्वतंत्र व्यावसायिक ह्यांच्या मधला वेगळा दर्जा देऊन भविष्य निर्वाह निधी व अपघात भरपाई लागू करण्यात आली. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात मात्र नोव्हेंबर २०२० च्या सार्वमतात कंपन्यांच्या बाजूने कौल मिळाला. काही मर्यादित लाभ देऊन चालकांना स्वतंत्र व्यावसायिकच मानण्यात आले. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने जून २०२५ च्या आपल्या परिषदेत ह्या विषयावर बंधनकारक आंतरराष्ट्रीय करार व्हावा ह्या दिशेने निर्णय घेतला. जगभर हा विचार चालू आहे, आणि त्याची उत्तरे एकच एक नाहीत.

८. ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीचा संदर्भ

१५ मे १८९१ रोजी पोप तेरावे लिओ ह्यांनी ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्रक काढले, तेव्हा कारखाना ही नवी गोष्ट होती. मजुरी दोघांनी राजीखुशीने ठरविली म्हणजे ती आपोआप न्याय्य होत नाही, कारण भुकेल्या माणसाची संमती ही पूर्णतः मोकळी नसते, हा विचार त्यात मांडला गेला. ॲपवरील ‘मान्य आहे’ ह्या बटणाला हाच विचार लागू पडतो. मे २०२५ मध्ये निवडून आलेले पोप चौदावे लिओ ह्यांनी हे नाव घेण्यामागे तेराव्या लिओंच्या ह्या परिपत्रकाचे कारण सांगितले, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे श्रमाच्या प्रतिष्ठेपुढे उभ्या राहिलेल्या नव्या आव्हानांचा उल्लेख केला.

१९८१ साली पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी ‘लाबोरेम एक्झेर्सेन्स’ ह्या परिपत्रकात ‘अप्रत्यक्ष मालक’ ही संकल्पना मांडली. कामगाराशी थेट करार न करताही त्याच्या कामाच्या अटी ज्यांच्यामुळे ठरतात, त्या संस्था, व्यक्ती आणि शासन हे सारे अप्रत्यक्ष मालक होत, आणि त्यांच्यावरही जबाबदारी येते. ‘आम्ही केवळ ग्राहक व कामगार ह्यांची गाठ घालून देतो’ असे म्हणणाऱ्या कंपनीला हे उत्तर आहे. आमच्या मते ते आपणा ग्राहकांनाही आहे. पावसात १० मिनिटांत दूध हवे असे आपण म्हणतो, तेव्हा त्या वेगाची किंमत कोणीतरी रस्त्यावर मोजत असतो. २५ व ३१ डिसेंबर २०२५ रोजी देशातील डिलिव्हरी कामगारांनी जो संप केला, त्यात ह्या १० मिनिटांच्या हमीला विरोध ही एक प्रमुख मागणी होती. जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय कामगार मंत्र्यांनी कंपन्यांशी चर्चा केल्यावर ती जाहिरात मागे घेण्यास सुरुवात झाली.

९. आज उपलब्ध असलेले लाभ

पुढील गोष्टींसाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

(अ) ई-श्रम नोंदणी : ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालेल्या ह्या संकेतस्थळावर प्लॅटफॉर्म कामगारांची नोंदणी होते. आधार, आधारशी जोडलेला मोबाइल क्रमांक आणि बँक खाते लागते. नोंदणीनंतर १२ अंकी क्रमांक मिळतो. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात अशा कामगारांना ओळखपत्र देण्याची व आयुष्मान भारत आरोग्य योजनेत सामावून घेण्याची घोषणा झाली. ह्या योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार मिळतात.

(आ) अल्प हप्त्याचे विमे : प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यूसाठी २ लाखांचे, तर जीवनज्योती विमा योजनेत ४३६ रुपयांत कोणत्याही कारणाने झालेल्या मृत्यूसाठी २ लाखांचे संरक्षण मिळते. पहिलीसाठी वय १८ ते ७०, दुसरीसाठी १८ ते ५० असावे. दोन्ही आपल्या बँकेत सुरू करता येतात. खात्यात हप्त्यापुरती शिल्लक नसल्यास विमा खंडित होतो, हे ध्यानी ठेवावे.

(इ) निवृत्तिवेतन : १८ ते ४० वयाच्या व आयकर न भरणाऱ्या व्यक्तीला अटल पेन्शन योजनेत सहभागी होता येते. वयाच्या ६० नंतर महिना १ ते ५ हजार रुपये मिळतात.

(ई) रस्त्यावरील अपघात : मे २०२५ पासून लागू झालेल्या केंद्रीय योजनेनुसार अपघातग्रस्ताला नियुक्त रुग्णालयात पहिल्या ७ दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंत रोकडरहित उपचार मिळू शकतात. धडक देऊन पळून गेलेल्या वाहनाचा शोध लागला नाही, तर मृत्यूसाठी २ लाख व गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये भरपाई आहे. वाहन सापडल्यास मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जावे. कायद्यात दाव्यासाठी ६ महिन्यांची मुदत घातलेली असल्याने विलंब करू नये. पोलिसांत नोंद, रुग्णालयाचे कागद आणि त्या वेळी ॲपवर ऑर्डर चालू असल्याचा पुरावा ह्या तीन गोष्टी प्रथम हस्तगत कराव्यात.

(उ) वाहनाचा विमा : खासगी वापरासाठी विमा उतरविलेली दुचाकी व्यवसायासाठी वापरल्यास विमा कंपनी दावा नाकारू शकते. म्हणून वापराचा खरा उद्देश विमा घेतानाच सांगावा.

१०. धर्मग्राम पातळीवर काय करता येईल?

प्रथम, नोंदणी. धर्मग्राम परिषद व युवा संघटना ह्यांनी एखाद्या रविवारी मिस्सानंतर ई-श्रम नोंदणी आणि वरील विम्यांची माहिती देण्याचे शिबिर ठेवावे. ज्यांची मुले हे काम करतात अशी कुटुंबे लहान ख्रिस्ती समूहांच्या बैठकींत सहज कळतात. संकोचाने मागे राहणाऱ्यांना तेथूनच निरोप पोहोचू शकतो. हे काम करणारे परप्रांतीय वा अन्यधर्मीय तरुण आपल्या परिसरात राहत असतील, तर शिबिराचे दार त्यांनाही खुले असावे.

दुसरे, विसावा. दिवसभर रस्त्यावर असणाऱ्यांना पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृह मिळणे कठीण असते. भगिनींची तर फारच कुचंबणा होते. चर्चच्या आवारातील ही सोय त्यांच्यासाठी खुली ठेवण्यास खर्च येत नाही.

तिसरे, ग्राहक म्हणून आपली वागणूक. काही गृहनिर्माण संस्थांत डिलिव्हरी कामगारांना लिफ्ट वापरू देत नाहीत. आपल्या संस्थेत असा नियम असल्यास सभेत तो रद्द करण्याचा ठराव मांडावा. उशीर झाला म्हणून कमी गुण देण्यापूर्वी कारण विचारावे, कारण आपल्या बोटाचा एक स्पर्श त्याचे दुसऱ्या दिवशीचे काम हिरावून घेऊ शकतो. मुसळधार पावसात निकडीचे नसेल ते मागवू नये.

चौथे, लोकप्रतिनिधींकडे मागणी. किमान दर, लेखी कारण दिल्याशिवाय आयडी बंद न करणे, तक्रारीची माणसाकडून सुनावणी आणि कामगार, कंपनी व शासन ह्यांचे त्रिपक्षीय मंडळ ह्या चार गोष्टी मागण्यासारख्या आहेत. माथाडी मंडळांचा अनुभव असलेल्या महाराष्ट्राला ह्या मागण्या अपरिचित वाटू नयेत. गावातील प्रत्येक आमदाराला व खासदाराला ह्या विषयावर स्वाक्षऱ्यांचे निवेदन देता येईल, आणि कामगारांनी स्वतः तयार केलेल्या संघटनांना त्यासाठी साथ देता येईल.

ज्या वाचकांच्या घरी हे काम करणारी व्यक्ती आहे, त्यांनी आज सायंकाळी तिच्याजवळ बसून तीन गोष्टी तपासाव्यात, अशी आमची विनंती आहे : ई-श्रम क्रमांक आहे काय, अपघात विमा चालू आहे काय, आणि वाहनाचा विमा योग्य प्रकारचा आहे काय. ह्यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे असेल, तर त्यासाठी येत्या रविवारपर्यंतही थांबू नये.